व्हर्लन टॅकेटच्या चाकूचं तिसरं पातं

मिल्सप गावच्या कोर्टाच्या दक्षिण भिंतीला एक लांब बाक होता. सकाळी नऊ वाजले की गावातले म्हातारे एकेक करून तिथे येऊन टेकत आणि जेवणाची घंटा होईपर्यंत तांबड्या सीडरची लाकडं तासत बसत. तासून काय करत? काही नाही. मोठेपणा होता तो त्यातच. चाकू हलक्या हाताने ओढायचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कुरळी ढलपी काढायची, ती बुटावर पडू द्यायची आणि पुढची काढायला घ्यायची. ज्याची ढलपी न तुटता गुडघ्यापासून जमिनीला टेकली तो खरा गडी. आणि ज्याने लाकडातून काही वस्तू काढली, चमचा म्हणा, साखळी म्हणा, पक्षी म्हणा, तो सुतार. बाकावर ही शिवी होती. आईवरून शिवी दिलेली एक वेळ चालायची, पण सुतार म्हटलं की माणूस उठून उभा राहायचा.

बाकावर बसायचा क्रमही ठरलेला होता. पहिली जागा मेपलच्या झाडाखालची. तिथे सावली सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. ती जागा वयाने मिळत नसे, पैशाने मिळत नसे. ज्याच्या खिशात बाकावरचा सगळ्यात जुना आणि खानदानी चाकू, त्याने तिथे बसायचं. गेली एकतीस वर्षं तिथे व्हर्लन टॅकेट बसत होता.

व्हर्लनने आयुष्यात दुसरं काय केलं असं कुणी विचारलं तर सांगणाऱ्याची पंचाईत व्हायची. तंबाखूच्या वखारीत काट्यापाशी उभा राहून अठ्ठावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या पेंढ्या तोलल्या, आणि प्रत्येक पेंढीत काहीतरी खोट काढली. निवृत्त झाल्यावर पेंढ्या उरल्या नाहीत, म्हणून तो माणसांच्या चाकूंकडे वळला. कोणी नवा चाकू घेऊन बाकाशी आला की व्हर्लन हात पुढे करायचा, चाकू दोन बोटांत धरायचा, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि सुरू व्हायचा.

"हा काय आणलास?"

"स्टॉकमन आहे. तीन पाती."

"पाती मोजता येतात मला. हा गुराख्यांसाठी काढलेला चाकू. एक पातं कातडं सोलायला, एक मेंढ्यांचे खूर छाटायला आणि हे बोथट टोकाचं गोऱ्ह्याला बैल करायला. तुझ्याकडे गुरं किती?"

"एक म्हैसही नाही."

"मग बैल कुणाला करणार? खिशात ठेव आणि जपून बस."

बाक हसायचा. आणणारा माणूस कानकोंडा होऊन चाकू परत घ्यायचा, आणि महिन्याभराने तोच चाकू निम्म्या भावात व्हर्लनच्या घरी गेलेला असायचा. असं बऱ्याच जणांचं झालं होतं. बायर्ड नावाच्या एका भोळ्या शेतकऱ्याचा काँग्रेस म्हणतात त्या जातीचा चाकू, पाठीला बाक असलेला, चार पात्यांचा, हस्तिदंती मुठीचा देखणा चाकू, व्हर्लनने "ही मूठ बैलाच्या नडगीची आहे" असं तीन आठवडे सांगून सांगून गिळला होता.

आणि ही विद्या आली कुठून? तर त्याच्या घरामागच्या संडासातून. तिथे लोखंडी सामानाच्या एका दुकानाची जुनी जाडजूड यादी खिळ्याला टांगलेली होती, चित्रांसकट आणि चाकूंच्या इतिहासासकट. पानं ज्या कामासाठी टांगली होती त्याच कामी लागत होती, पण त्याआधी व्हर्लन ती वाचून काढायचा. समुद्रापलीकडच्या शेफील्ड गावच्या ओढ्यांवरच्या पाणचक्क्या, त्यावर फिरणारे धारेचे दगड, बार्लो नावाचा स्वस्त, दणकट, एका पात्याचा चाकू तिथून दोनशे वर्षांपूर्वी जहाजं भरभरून इकडे कसा आला, आणि त्याच्या पात्याच्या बुडाशी लोखंडाचा लांब तुकडा का बसवत, म्हणजे अडाणी माणसाने दणके दिले तरी मोडू नये म्हणून, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. फक्त अठराशे सत्तरच्या पुढचं काही विचारलं की तो खोकायला लागे, कारण पुढची पानं घरच्यांनी आधीच वापरून टाकली होती.

आता त्याच्या स्वतःच्या चाकूबद्दल. तो होता व्हिटलर, म्हणजे लाकूड तासणाऱ्यांसाठीच बेतलेला. एका टोकाला एक रुंद, जाड पातं, मोठी कापणी करायला. दुसऱ्या टोकाला दोन छोटी, बारीक पाती, टोक काढायला आणि कोपरे धरायला. मोठं पातं दोन्ही स्प्रिंगांवर टेकतं, म्हणून हातात घट्ट राहतं. मूठ हाडाची, खाचा पाडलेली, हात फिरून फिरून मधासारखी पिवळी झालेली. चाकू चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. वाईट होती ती त्याच्यावर चढवलेली कथा.

कथा अशी, की हा चाकू व्हर्लनच्या आईच्या वडिलांचा. हे आजोबा डोंगरापलीकडच्या कॅरोलिनातले, म्हणजे खरंखोटं करायला कोणी जाणार नाही इतक्या लांबचे. यादवी युद्धात ते पायदळात होते. एप्रिल महिन्यात नदीकाठच्या लढाईत त्यांना तीन गोळ्या लागल्या. मरता मरता ते एका सीडरच्या कांडीवर बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर कोरत होते. अक्षर पुरं झालं, त्यांनी बारकं पातं मिटलं आणि प्राण सोडला. तेव्हापासून ते तिसरं पातं कुणी उघडलेलं नाही.

या शेवटच्या वाक्याला बाकावर कुणी हसत नसे. कारण तिकडे चाकूचा एक नेम सगळे पाळतात. चाकू ज्या अवस्थेत हाती आला त्याच अवस्थेत परत द्यायचा: उघडा आला तर उघडा, मिटलेला आला तर मिटलेला. दुसऱ्याने उघडलेलं आपण मिटलं की घरात मरण येतं, असं म्हणतात. आणि मरत्या हाताने मिटलेलं पातं? त्याला तर नखही लावायचं नाही.

खरी गोष्ट काय होती ती दोघांनाच ठाऊक होती, व्हर्लनला आणि त्याची बायको झेल्फाला. 'निळा कोंबडा' नावाच्या चघळायच्या तंबाखूच्या वडीवर एक पत्र्याची टिकली यायची. सव्वाशे टिकल्या पाठवल्या की कंपनी एक चाकू फुकट द्यायची. व्हर्लन तंबाखू चघळत नव्हता, पण वखारीची जमीन टिकल्यांनी भरलेली असायची आणि वाकायला त्याला लाज कधीच वाटली नव्हती. पाचशे लोकांच्या थुंकीतून त्याने सव्वाशे टिकल्या वेचल्या, झेल्फाने त्या धुऊन पाकिटात भरल्या, आणि टपालाने चाकू आला. तिन्ही पात्यांच्या बुडाशी कोंबड्याचं चित्र आणि खाली कंपनीचं नाव ठसठशीत कोरलेलं. व्हर्लनने एक सबंध हिवाळा घालून दोन पात्यांवरचा कोंबडा घासून घासून मारला. तिसरं पातं मात्र तोवर गंजून इतकं घट्ट बसलं होतं की उघडेना. पकडीने ओढावं तर मोडेल अशी भीती. शेवटी त्याने कोंबडा आत राहू दिला आणि वरून आजोबा मारला.

तर एकतीस वर्षं कोंबडा आजोबांच्या पाठीशी सुखाने झोपला होता.

मग आला बंद मुठीचा सौदा. हा त्या बाकावरचा जुना खेळ. दोघांनी खिशातला एकेक चाकू मुठीत लपवायचा, मुठी पुढे करायच्या, तिसऱ्याने "उघडा" म्हणायचं, की न बघता ठरलेली अदलाबदल झालीच, याचा चाकू त्याला आणि त्याचा याला. मागे फिरायचं नाही. सहा वर्षांपूर्वी एक जण मागे फिरला होता. तो आता पोस्टासमोर एकटा बसतो, आणि तिथे दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं.

अर्थात या खेळासाठी प्रत्येकजण दुसऱ्या खिशात एक भंगार चाकू ठेवून असायचा. चांगला उजवीकडे, भंगार डावीकडे. त्यामुळे व्हायचं काय, की तेच सहासात मोडके चाकू वर्षानुवर्षं या खिशातून त्या खिशात फिरत राहायचे, आणि प्रत्येक वेळी प्रत्येकाला वाटायचं आपण दुसऱ्याला बनवलं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, अजून कुणी लाकूडही हातात घेतलं नव्हतं तोच, व्हर्लनने सवयीने डाव्या खिशात हात घालून मूठ पुढे केली ती ओटिस प्रूइटसमोर. ओटिस म्हणजे बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, उन्हात बसणारा माणूस. विधुर, लाकूडकापणीच्या गिरणीत हाताची दोन बोटं घालवून बसलेला, आणि सुतार. उघडउघड सुतार. उरलेल्या आठ बोटांनी तो चिमण्या करी, सुतारपक्षी करी, एका अखंड लाकडातून कड्यांची साखळी काढी आणि त्या वस्तू शाळेतल्या पोरांना वाटून टाकी. व्हर्लन त्याला "सर्कस" म्हणायचा.

"काय रे सर्कस, आहे का हिंमत? का खिशात चिमणीच आहे?"

"चाकू आहे," ओटिस म्हणाला. "पण भंगार आहे, आधीच सांगतो."

"सांगायचं नसतं रे, गाढवा! न बघता म्हणजे न सांगता!"

लोन्झो हार्गिस मध्ये बसला होता. हा पूर्वी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. निवृत्त झाला तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. त्याने टोपी सारखी केली आणि कोर्टातल्या न्यायाधीशालाही ऐकू जाईल असा ओरडला, "उघडा!"

ओटिसच्या मुठीत अर्धं पातं मोडलेला बार्लो होता. अकरा वर्षं बाकावर फिरणारा, प्रत्येकाकडे दोनदा जाऊन आलेला. आणि व्हर्लनच्या मुठीत, मधासारखा पिवळा, तीन पात्यांचा, आजोबांचा व्हिटलर.

 रस्त्यावरून एक खेचर गेलं त्याच्या टापा सगळ्यांनी मोजल्या असतील.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी व्हर्लनच्या उजव्या खिशाला भोक पडलं म्हणून झेल्फाने पँट शिवायला घेतली होती. दोन्ही खिशांतलं सामान तिने टेबलावर काढून ठेवलं आणि शिवून झाल्यावर परत भरलं. कुठला चाकू कुठल्या खिशातला हे तिने पाहिलं नाही. का पाहावं? तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच होते, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं.

"व्हर्लन," लोन्झो अगदी हळू, म्हणजे साधारण माणसाच्या आवाजात म्हणाला, "आजोबा गेले रे."

व्हर्लनने हात मागे घेतला नाही. घेता येईना. मागे फिरला तर बाक गेला. आणि फिरला नाही तर पहिली जागा गेली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण त्याहून वाईट गोष्ट त्याला ओटिसच्या पुढच्या वाक्याने कळली.

ओटिसने चाकू उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हे तिसरं पातं बारीक दिसतंय. चिमण्यांचे डोळे काढायला मला असलंच टोक हवं होतं."

"त्याला हात लावायचा नाही!" व्हर्लन किंचाळला.

"मेलेल्यांचं मेलेल्यांपाशी," ओटिस म्हणाला. "तेल आणि पक्कड लागेल बहुतेक. उघडतो घरी जाऊन."

"घरी?" लोन्झो उसळला. "नव्वद वर्षं मिटलेलं पातं तू घरी उघडणार, एकटा? अरे, मंगळवारी उरकायच्या गोष्टी आहेत का या? शनिवारी उघड. शनिवारी सगळा परगणा बाजाराला येतो. इथे, बाकावर, सगळ्यांसमोर. मी पुकारा करतो."

झालं. चार दिवस उरले.

बुधवारी सकाळी व्हर्लन बायर्डकडून गिळलेला काँग्रेस चाकू घेऊन ओटिसकडे गेला. "घे," म्हणाला, "खरी हस्तिदंती मूठ आहे. बैलाची नडगी नव्हे."

"बायर्डला हे सांगितलंस का?" ओटिसने विचारलं.

दुपारी तो परत गेला, काँग्रेसवर एक डुकराची खारवलेली मांडी ठेवून. गुरुवारी त्याने शिकारी कुत्रीचं पिल्लूही नेलं. ओटिस प्रत्येक वेळी "नको रे बाबा" म्हणून कॉफी द्यायचा. आणि व्हर्लन जेवढं जास्त देऊ करी तेवढी गावात चाकूची किंमत वाढे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर मूठ उघडून दोन दिवस झाले होते आणि तरी आकडा चढतच होता. गुरुवारी संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात असं ठरलं की त्या पात्याखाली आजोबांनी सोन्याचं काहीतरी लपवलं असणार.

घरी झेल्फाने घेवड्याची उसळ आणि मक्याची पोळी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ताट सरकवलं.

"शनिवारी कोंबडा आरवणार," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे! तू खिसे उलटेपालटे केलेस!"

"मी खिसा शिवला. भोक तुझ्या चाकूने पाडलं होतं." तिने ताट परत त्याच्याकडे सरकवलं. "जाऊन त्याला खरं सांग. भला माणूस आहे, कुणाला बोलणार नाही. म्हणावं, मला परत दे आणि तोंड मिटून ठेव. सगळ्या बाकाला कळण्यापेक्षा एकट्या ओटिसला कळलेलं काय वाईट?"

"खरं सांगू?"

"तोंडाला सवय नाही, ठाऊक आहे मला. घाई करू नको. एकेक शब्द सांग."

शुक्रवारी सकाळी व्हर्लन ओटिसच्या ओसरीवर जाऊन बसला. ओटिस एका लाकडी बदकाची मान काढत होता, आपल्या जुन्या चाकूने. व्हिटलर त्याने धुतलेल्या रुमालात गुंडाळून खिडकीत ठेवला होता. व्हर्लनने दोनदा खोकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.

"ओटिस, तो चाकू आजोबांचा नाही."

"बरं."

"कॅरोलिनातला आजोबा खेचरं हाकायचा. लढाई सुरू झाली तेव्हा मामाच्या मक्याच्या कोठारात लपून बसला होता. नव्वद वर्षांचा होऊन मेला, कांजी पिताना."

"अरेरे."

"चाकू निळ्या कोंबड्याचा आहे. सव्वाशे टिकल्यांवर फुकट मिळालेला. तिसऱ्या पात्यावर अजून कोंबडा आहे. दोन मी घासले."

ओटिसने बदक खाली ठेवलं. त्याने व्हर्लनकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते कौतुक होतं.

"वा!" तो म्हणाला. "व्हर्लन, एकतीस वर्षं मी तुझ्याबरोबर एका बाकावर बसलोय, पण हे म्हणजे कळस झाला."

"काय कळस?"

"बायर्डचा हस्तिदंत तू बैलाची नडगी केलास. लोन्झोचा जर्मन चाकू तू घोड्याचे नाल वितळवून केलेला ठरवलास आणि एका कोंबडीच्या बदल्यात घेतलास. पण स्वतःच्या सख्ख्या आजोबाला मक्याच्या कोठारात घालायचं? एका चाकूसाठी?"

"अरे, खरं बोलतोय मी!"

"कांजी पिताना मेला म्हणे!" ओटिस हसायला लागला. हसताना त्याला खोकला आला. "कांजी कुठून सुचली रे तुला?"

"तू उघडून बघ! आत्ता, माझ्यासमोर! पक्कड आण!"

हसणं थांबलं. ओटिसने डोळे बारीक केले.

"मंगळवारी म्हणालास हात लावू नको. आज म्हणतोस पक्कड आण. आणि तेही इथे, माझ्या घरात." त्याने मान हलवली. "म्हणजे पात्याचं मरण माझ्या उंबऱ्यावर, आणि चाकू बिनधोक तुझ्याकडे. नाही रे बाबा. मला कोणाची भीती नाही, पण तू इतकी मेहनत घेतोयस म्हणजे त्यात काहीतरी आहे खरं. मी उघडणारच नाही ते. उद्या तसं सांगतो सगळ्यांना."

वास्तविक इथे व्हर्लनने टोपी उचलून, देवाचे आभार मानत घरी जायला हवं होतं. कोंबडा वाचला, नाव वाचलं. पण हा माणूस ओसरीवर अर्धा तास आणखी वाद घालत बसला. का? तर त्याचा शब्द कुणी खोटा म्हटला होता, आणि तोही एका सुताराने! आयुष्यात जेवढं खरं बोलला होता ते सगळं त्या एका सकाळी बोलला, आणि ते वाया जाणं त्याला सहन होईना. शेवटी ओटिसने त्याच्या हातात बदक दिलं आणि म्हणाला, "जा आता. झेल्फाला दे."

शनिवारी कोर्टासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी गाड्यांची पाठ बाकाकडे करून त्यांवर पोरं बसवली होती. लोन्झो बाकावर चढून उभा राहिला, त्याने तेलाची बाटली आणि पक्कड उंच धरून दाखवली. मग ओटिस उठला आणि म्हणाला की पातं उघडायचं नाही असं त्याने ठरवलंय.

लोकांनी गलका केला. "का? घाबरलास?"

"घाबरलो नाही," ओटिस म्हणाला. त्याला लपवाछपवी येत नव्हती, हाच त्याच्यातला दोष. "काल व्हर्लन घरी आला होता. म्हणाला, चाकू निळ्या कोंबड्याचा आहे, टिकल्यांवर फुकट मिळालेला. आजोबा कोठारात लपला होता म्हणाला. जो चाकू परत मिळवायला माणूस इतकं खोटं बोलतो, त्याची मूठही धरताना मला आता लाज वाटते. पातं कुठलं उघडू?"

परगणा खदखदून हसला. टिकल्या! कोंबडा! बायकासुद्धा गाड्यांवर वाकून हसल्या. एकटी झेल्फा हसली नाही. ती बदक छातीशी धरून उभी होती आणि नवऱ्याकडे बघत होती. डोळ्यांनी म्हणत होती, आता. आत्ताच. हो म्हण.

लोन्झो बाकावरून खाली वाकला. "काय व्हर्लन? टिकल्यांचा आहे का रे हा?"

 एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर पक्कड हजर होती, कोंबडा समोर होता; पहिली जागा ना व्हर्लनची राहिली असती ना ओटिसला मिळाली असती, आणि गावाने वर्षभर हसून पुढे सोडून दिलं असतं. नाही म्हटलं तर चाकू, आजोबा आणि मेपलची सावली, तिन्ही ओटिसची. पण त्यात एक होतं. सौदा उलटवायला खोटं बोलणं हे त्या बाकावर पाप नव्हतं, कसब होतं. टिकल्या वेचणं हे मात्र टिकल्या वेचणंच होतं.

व्हर्लनने छाती पुढे काढली. "आपला चाकू परत मिळवायला," तो म्हणाला, "माणूस काय काय बोलतो!"

टाळ्या पडल्या. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एवढा पोचलेला लबाड परगण्यात दुसरा नाही म्हणाले. व्हर्लन खुश होऊन मान डोलवत राहिला. टाळ्या संपल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लोन्झो ओटिसचा हात धरून त्याला मेपलखाली नेतोय.

झेल्फा बाजार करून एकटीच घरी गेली.

तेव्हापासून बाकाच्या पहिल्या जागेवर सुतार बसतो. सावलीत बसून चिमण्या करतो, आणि आता ते पाहून इतर दोघातिघांनीही चोरून चमचे करायला घेतलेत. व्हर्लन दुसऱ्या टोकाला, उन्हात. अर्ध्या पात्याच्या बार्लोने त्याची ढलपी वीतभर जाते आणि तुटते. कुणी चाकू दाखवायला आणला तर आता तो ओटिसच्या हातात देतात, आणि ओटिस म्हणतो, "छान आहे की," आणि परत देतो. यात कसली आलीय विद्या?

परवा बियाणं विकणारा एक फिरता विक्रेता बाकाशी थांबला. ओटिसच्या हातातला पिवळा चाकू पाहून त्याने विचारलं, की हा कुठला? ओटिसला गोष्ट सांगायला फार आवडतं असं नाही, पण विचारलं तर सांगतो. म्हणाला, एक म्हातारा घोडदळात होता, डिसेंबरात नदीकाठी लढाई झाली, त्याला पाच गोळ्या लागल्या.

"पायदळ!" उन्हाच्या टोकाकडून आवाज आला. "पायदळात होता तो! आणि एप्रिल होता! तीन गोळ्या!"

कुणी मान वळवली नाही. लोन्झो ढलपी काढता काढता म्हणाला, "ज्याचा चाकू त्याचा आजोबा, व्हर्लन. घोड्यावर बसवू दे त्याला."

विक्रेत्याने त्या टोकाकडे वाकून पाहिलं. "ते गृहस्थ कोण?"

"तो? कुणी नाही," लोन्झो म्हणाला. "तंबाखूच्या वखारीत काट्यावर असायचा."